घर पाहण्याआधी ओढा पाहा

फ्लॅट बघायला गेलेली माणसे काय काय विचारतात ते आठवा. कार्पेट किती, दार कोणत्या दिशेला, सोसायटीला टँकर लागतो का, शाळा किती लांब. पाणी येते का, हे प्रत्येकजण विचारतो. पाणी जाते कुठून, हे विचारणारा क्वचित भेटतो.

मलाही तो प्रश्न सुचला नव्हता. पुण्यात अरण्येश्वराच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आम्ही राहतो. ओढा म्हणजे उन्हाळ्यात वास येणारा आणि पावसाळ्यात थोडा भरून वाहणारा नाला, एवढीच आमच्या लेखी त्याची ओळख होती. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री वॉचमन जिन्याच्या कठड्यावर काठी आपटत वर आला, तेव्हा आम्ही जेवून टीव्हीसमोर बसलो होतो. खाली धावलो तर जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या दिसतच नव्हत्या. पार्किंगमध्ये दुचाकी एकमेकींवर चढल्या होत्या आणि एक रिकामा सिलिंडर तरंगत जाऊन शटरवर ठण ठण आपटत होता. सकाळी पाणी ओसरले तेव्हा मीटरखोलीच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. सुताराने दोरी धरून आखावी इतकी सरळ, माझ्या छातीइतक्या उंचीवर.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुणे शहर आणि आसपासच्या भागांत मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. आमच्या शेजारच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून जीव गेले. चिखल उपसताना शेजारच्या आजींनी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. १९६१च्या पानशेतच्या पुरात त्यांचे नारायण पेठेतले घर गेले आणि नंतर ते कुटुंब इकडे राहायला आले. नदीपासून लांब आलो, या समाधानात त्यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली. ओढ्याबद्दल त्यांना कोणी काही सांगितले नव्हते, आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. धोका शहराला असतो असे आपण म्हणतो, पण तो येतो गल्लीत. एकाच शहरात एक गल्ली बुडते आणि पन्नास पावलांवरची कोरडी राहते. म्हणून आपल्या गल्लीची धोक्याची पत्रिका आपणच मांडायला हवी. ती मांडायला लागणारी बहुतेक माहिती आपल्या आजूबाजूलाच असते. उदाहरणे पुण्याची देतो, कारण ते शहर मी पायी फिरलो आहे. पद्धत मात्र नदीकाठच्या किंवा डोंगराच्या पायथ्याच्या कोणत्याही शहराला लागू पडेल.

तीन पूर, तीन वाटा

इतिहास आधी वाचायचा, कारण पाणी एकाच वाटेने येत नाही.

पहिली वाट धरण फुटण्याची. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे, काम पूर्ण न झालेले पानशेत धरण फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासला धरणावर आदळला आणि तेही फुटले. दिवसाउजेडी मुठा नदीचे पाणी शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांमध्ये आणि डेक्कन जिमखान्यावर शिरले. हजारो घरे गेली. खडकवासल्यातूनच शहराला पाणी मिळत असल्याने, पुरात बुडालेल्या शहराचे नळही कोरडे पडले. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वसाहतींचा इतिहास त्या दिवसाशी जोडलेला आहे.

दुसरी वाट ओढ्याची. ४ ऑक्टोबर २०१० रोजी पाषाणच्या बाजूला रामनदीने आणि २०१९ मध्ये कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने ती दाखवली. या पुराला धरण लागत नाही. डोंगरावर दोन-तीन तास धो धो पाऊस पडला की पुरते. परतीच्या पावसाचे दिवस असतात, दुपारनंतर आभाळ भरते आणि संध्याकाळी किंवा रात्री पाणी येते. गणपती उठलेले असतात, पावसाळा संपला असे आपण धरून चाललेले असतो. या पुरात हाताशी असतात ती काही मिनिटे.

तिसरी वाट धरणाच्या विसर्गाची. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेकने पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी, निंबजनगर परिसरातल्या सोसायट्यांमध्ये ते शिरले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे त्या पहाटे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी नदीत येत होते. हे का होते ते समजून घ्या. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, पाणी मावते. त्यातले खडकवासल्याच्या वाट्याला दोन टीएमसीही येत नाही. ३५,००० क्युसेकने पाणी येत राहिले तर रिकामे खडकवासलाही सोळा तासांत भरेल. ते आधीच भरलेले असेल तर वरून येईल तेवढे खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ‘धरण भरले’ ही बातमी वाचून आनंद वाटला, तरी नदीकाठच्या माणसाने त्याच क्षणी सावध व्हायला हवे.

आपली गल्ली या तीनपैकी कोणत्या वाटेवर आहे, हे ठरवणे म्हणजे पत्रिकेचे पहिले घर. काही ठिकाणी दोन वाटा एकत्र येतात. नदीला पूर असताना ओढ्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही, ते मागे फुगते. ओढा नदीला मिळतो त्या कोपऱ्यावरची घरे म्हणून दुहेरी धोक्यात असतात.

रविवारची एक फेरी

आता पायात जुन्या चपला घाला आणि बाहेर पडा. शक्यतो मे महिन्यात, ओढा कोरडा असताना. घरापासून सर्वांत जवळचा ओढा किंवा नाला गाठा आणि त्याच्या काठाने, जमेल तेवढे, वरच्या अंगाला चालत जा. पाच गोष्टी पाहा.

एक, पात्राची रुंदी. वर डोंगराकडे रुंद असलेले पात्र खाली वस्तीत अरुंद होत गेले असेल, तर तेच धोक्याचे ठिकाण. निसर्गात उलटे असते. खाली येता येता पाणी वाढते, तसे पात्रही रुंदावते.

दोन, पूल आणि मोऱ्या. रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचे तोंड किती मोठे आहे, त्यात किती गाळ भरला आहे, तिथून जलवाहिनी किंवा केबलचे पाइप आडवे गेले आहेत का, ते पाहा. पुरात फांद्या, गाद्या, प्लॅस्टिक याच पाइपांना अडकते आणि मोरीचा बांध होतो. पाणी मग शेजारच्या सोसायटीतून वाट काढते.

तीन, वळणे. ओढा काटकोनात वळवला असेल, तर तो माणसाने वळवला आहे. पुराचे पाणी वळणावर सरळ पुढे जाऊ पाहते. वळणाच्या बाहेरच्या बाजूची सीमाभिंत सर्वांत आधी जाते.

चार, खुणा. झाडाच्या फांदीत उंचावर अडकलेल्या चिंध्या, भिंतीवरची मातकट रेघ, तळमजल्याच्या खिडकीखाली फुगून सुटलेला गिलावा, जमिनीपासून हात-दीड हात वर उचलून बसवलेली विजेची डीपी. ज्याने ती उचलून बसवली, त्याला काहीतरी माहीत होते.

पाच, आपल्या इमारतीचे जोते. ते रस्त्यापेक्षा किती उंच आहे? दर वेळी डांबराचा नवा थर चढून रस्ताच उंच झालेल्या वस्त्या आता जागोजागी दिसतात. अशा ठिकाणी रस्त्यावरचे पाणी थेट पार्किंगमध्ये उतरते.

चालताना नावेही ऐका. नावे पाण्याची आठवण धरून ठेवतात. सारसबागेतल्या गणपतीला पुणेकर अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात, कारण बागेच्या जागी नानासाहेब पेशव्यांच्या काळातले तळे होते. आंबिल ओढा त्याच काळात वळवला गेला. त्याआधी तो जुन्या गावातून वाहत मुठेला मिळत असे. जुन्या पेठांच्या पूर्वेची नागझरी नावाप्रमाणेच झरी आहे. तुमच्या शहरातही कुठे तळ्याची आळी असेल, कुठे डोह, कुठे नुसतेच बेट. घर घेताना अशा नावाचा पत्ता दिसला, तर नाव कशावरून पडले एवढे विचाराच.

जुन्या माणसांना काय विचारायचे

‘इथे पूर येतो का’ असे विचारले की उत्तर येते, ‘छे, कधीच नाही.’ प्रश्नच चुकतो. माणसांना पुराची तारीख आठवत नाही, पण त्या दिवशी काय झाले ते आठवते. म्हणून असे विचारा: तुमच्या आठवणीत सगळ्यात जास्त पाणी कुठवर आले होते? हात लावून दाखवाल? तेव्हा ओढ्यावर ही भिंत होती का? पाणी कोणत्या बाजूने आत आले? ओसरायला किती वेळ लागला? लाइट किती दिवस नव्हती?

विचारायचे कोणाला, तेही महत्त्वाचे. घर विकणारा सांगणार नाही, आणि वरच्या मजल्यावरच्याला ठाऊक नसेल. तळमजल्यावरचा किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, जुना वॉचमन यांना विचारा. ज्यांचा माल भिजला, त्यांना पाण्याची उंची इंचांत पाठ असते. गिरणीची मोटर ओट्यावर चढवलेली दिसली, तर त्या ओट्याची उंची मोजून घ्या.

निळी रेषा, लाल रेषा

आता कागद. महाराष्ट्रात नद्यांच्या काठाने जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा ही सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. लाल रेषा ही शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी घालून बांधकाम करता येते. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा असायला हव्यात. तुमचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन बांधकाम विभागात जा, झोन दाखला मागा आणि आपला प्लॉट कोणत्या रेषेच्या आत आहे ते स्पष्ट विचारा. नव्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गावनकाशाही काढून पाहा. आज जिथे कॉलनीचा रस्ता आहे, तिथे त्या नकाशावर ओढा निघू शकतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसू नका. यंदा आला म्हणजे आता शंभर वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. गृहकर्ज वीस वर्षांचे धरा. त्या वीस वर्षांत लाल रेषेइतका पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दर वर्षी शंभरात चार. वीस वर्षांत ती सुमारे ५६ टक्क्यांवर जाते. म्हणजे निळ्या रेषेच्या आतले घर कर्ज फिटायच्या आत बुडण्याची शक्यता, न बुडण्यापेक्षा जास्त आहे. हा हिशेब बँक मांडून देत नाही, आपणच मांडायचा.

आणखी एक. पूररेषा प्रामुख्याने नद्यांना असतात. तुमच्या दाराजवळच्या ओढ्याला नकाशावर रेषा नसेल, तर धोका नाही असे समजू नका. तिथे गिरणीवाल्याच्या ओट्याची उंची हाच पुरावा.

पाण्यापलीकडचे धोके

पत्रिकेत पाण्याखेरीज आणखी तीन घरे आहेत.

पहिले, भिंत. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या शेडवर कोसळून पंधरा जणांचा जीव गेला. भिंतीमागची माती पाणी पिऊन जड होते. ते पाणी बाहेर पडायला भिंतीला ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली असतात. ती बुजली की सगळा दाब भिंतीवर येतो. तुमच्या सोसायटीच्या भिंतीची भोके मोकळी आहेत का? पावसात त्यांतून पाणी ठिबकत असेल तर काळजी नको. कोरडी ठणठणीत असतील आणि भिंतीला पोट आले असेल, आडवी चीर पडली असेल, तर अभियंत्याला बोलवा. तोवर भिंतीखाली गाड्या लावू देऊ नका, आणि पलीकडे कोणी झोपते का तेही पाहा. भिंत आपली असली, तरी पडते ती बहुतेक वेळा गरिबाच्या अंगावर.

दुसरे, डोंगरउतार. टेकडी फोडून सपाट केलेल्या जागेवरचा बंगला कितीही देखणा असो, मागचा कापलेला कडा किती उभा आहे ते आधी पाहा. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४च्या सकाळी दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. उताराला नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, एरवी स्वच्छ येणारे झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, ही लक्षणे दिसली तर त्या रात्री तिथे झोपायचे नाही.

तिसरे, भूकंप. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा धक्का पुण्याला जाणवला. भूकंप-क्षेत्रांच्या रूढ नकाशात पुणे तिसऱ्या क्षेत्रात गणले गेले आहे, म्हणजे मध्यम धोका. पण नकाशावर विसंबून झोपू नये, हे किल्लारीने शिकवले. तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवला होता आणि तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, मुख्यतः दगडमातीच्या जड घरांखाली. शहरात पाहायची गोष्ट म्हणजे नुसत्या खांबांवर उभा असलेला पार्किंगचा मजला. २००१च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती पडल्या. वर भिंतींनी घट्ट बांधलेले मजले आणि खाली मोकळे खांब, अशा रचनेत सगळा हिसका खांबांवर येतो. म्हणून पार्किंगमधला खांब कोणालाही छिलू देऊ नका, गाडी वळत नाही म्हणून कोपरा तासू देऊ नका, आणि गंजून फुगलेली सळई नुसत्या गिलाव्याने झाकू नका. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. तुमच्या इमारतीची शेवटची कधी झाली, हे वार्षिक सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

मे महिन्यात सोसायटीने करायचे

पत्रिका मांडून झाली, आता उपाय. यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे.

यादी करा. कोणत्या घरात एकटे ज्येष्ठ नागरिक आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुठे तान्हे मूल आहे, कोणाला ऑक्सिजन लागतो. प्रत्येक नावापुढे, त्यांना वर नेण्याची जबाबदारी कोणाची, ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या नावासकट लिहा. तळमजल्यावर किंवा पार्किंगच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनचे कुटुंब या यादीत सर्वांत वर हवे. पाणी पहिल्यांदा त्यांच्याच घरात शिरते.

विजेची मीटरखोली, लिफ्टची मोटर, पंपाचे पॅनेल आणि जनरेटर गेल्या पुराच्या पातळीच्या वर चढवता येतील का, याचा अंदाज काढा. खर्च मोठा वाटेल. पूर आल्यावर हे सगळे बदलण्याचा खर्च त्याहून मोठा असतो. मेन स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हे किमान चौघांना माहीत हवे, कारण त्यातला एक गावी गेलेला असणारच.

पाण्याची वही ठेवा. नदीकाठच्या सोसायटीसाठी याहून उपयोगी वस्तू नाही. तारीख, खडकवासल्याचा विसर्ग आणि त्या वेळी पाणी कुठवर आले, एवढेच लिहायचे. नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली गेला हे पुण्यात सगळ्यांना कळते, पण आपल्या गेटशी पाणी किती क्युसेकला येते, हे आपल्या वहीतूनच कळेल. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा आडाखा तयार होतो. त्यानंतर विसर्गाचा संदेश आला, की गाड्या हलवायच्या की माणसे, हे ठरवायला सभा भरवावी लागत नाही. ओढ्याकाठच्यांनी क्युसेकच्या जागी पावसाचे तास आणि मोरीतल्या पाण्याची उंची लिहावी. वरच्या अंगाला राहणारा एखादा ओळखीचा हवाच. त्याच्या दारात पाणी चढले की त्याने फोन करायचा.

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या रात्री फोन आवाजावर ठेवून झोपा. ‘सचेत’ हे सरकारी ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे चार क्रमांक लिफ्टच्या दारावर नाही, जिन्यात लावा. त्या रात्री लिफ्ट बंद असते.

आणि विमा. ‘भारत गृहरक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, भूकंप, दरड यांचे नुकसान धरलेले असते. घर भाड्याचे असले तरी घरातल्या सामानाचा विमा काढता येतो. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

पाणी चढू लागले की

क्रम एकच: माणसे, वीज, कागद, मग वस्तू. पुरातले बरेच मृत्यू हा क्रम उलटा झाल्याने होतात.

यादीतल्या माणसांना वर न्या. मेन स्विच कोरड्या जागेवरून, कोरड्या हाताने बंद करा. मीटरखोलीत पाणी शिरले असेल तर तिकडे पाऊलही टाकू नका, वीज कंपनीला कळवा. २५ जुलै २०२४लाच डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. पाणी शांत दिसते, पण त्यात काय उतरले आहे ते दिसत नाही.

लिफ्ट वापरू नका. तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढायला उतरू नका. उताराच्या तोंडाशी पाणी आले, की तळघर भरायला फार वेळ लागत नाही आणि वर येण्याचा रस्ता तोच असतो. वाहते पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट माणूसही पडू शकतो, आणि फूटभर वेगवान पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. रस्ता ओळखीचा आहे म्हणून गाडी घालू नका. पाण्याखालचा रस्ता तसाच राहिला असेल, गटाराचे झाकण जागेवर असेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

ओळखपत्रे, घराची कागदपत्रे, रोजची औषधे, टॉर्च आणि चार्जर एका पिशवीत आधीच भरून ठेवलेले असावे. प्यायचे पाणी वेगळे भरून घ्या. पाण्यात बुडालेल्या शहरात पहिली टंचाई प्यायच्या पाण्याचीच होते, हे १९६१ने दाखवले आहे.

ओसरल्यावर

चिखल उपसण्याआधी फोटो काढा: प्रत्येक खोलीचा, प्रत्येक भिजलेल्या वस्तूचा आणि भिंतीवरच्या रेघेचा, शेजारी मोजपट्टी धरून. शासकीय मदत पंचनाम्यावर मिळते, म्हणून तलाठी किंवा महापालिकेचे पथक येईल तेव्हा घरात कोणीतरी थांबा आणि पंचनाम्यात काय लिहिले ते वाचूनच सही करा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह टाळा. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की दुरुस्ती कितीतरी महाग पडते आणि विम्याचा दावाही अडकू शकतो.

जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय तिचे पाणी वापरू नका. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. चिखलात अनवाणी किंवा जखम उघडी ठेवून काम करू नका. तसे केले असेल आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसची शंका लगेच घेतील.

ती रेघ पुसू नका

पुरानंतर दोन वर्षांनी आमच्या सोसायटीला रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्याने मीटरखोलीची भिंत घासायला घेतली, तेव्हा त्याच आजी खुर्ची घेऊन समोर बसल्या. म्हणाल्या, ही रेघ राहू दे. सेक्रेटरींना ते बरे दिसेना. फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही त्यांची काळजी खरीच होती. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी रंग दिला आणि रेघेच्या जागी अर्धा इंच रुंदीची निळी पट्टी ओढली, खाली तारीख लिहिली: २५ सप्टेंबर २०१९.

आता नवीन भाडेकरू आले की लहान मुले त्या पट्टीशी उभी राहून आपली उंची मोजतात आणि घरी जाऊन विचारतात, ही कसली रेघ? मग घरचे वॉचमनला विचारतात. वॉचमन पट्टी दाखवतो, मेन स्विच दाखवतो आणि जिन्यातली यादी दाखवतो. त्यांचे नाव त्यात लिहून घेतो.

येत्या रविवारी ओढ्याकाठची फेरी करा. आणि तुमच्या भिंतीवर अशी रेघ कुठे रंगाखाली गेली असेल, तर ज्यांना ती आठवते ते आहेत तोवर त्यांचा हात धरून ती पुन्हा आखून घ्या.